कुंपणातलं जंगल की व्हाळाकाठचा मोकळा पट्टा?

दोडामार्ग-सावंतवाडीकडे वडिलोपार्जित डोंगर आहे आणि तिथे रबर न लावता जंगलच राखायचं ठरवलंय, अशांसाठी लिहितोय. आमच्याकडे दोन्ही आहे, वरच्या तुकड्याला जाळीचं कुंपण आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही काठांना कुंपण न घालता मोकळी सोडलेली झाडी.

कुंपणाचे फायदे खरे आहेत. गुरं शिरत नाहीत, कोयतेवाले शिरत नाहीत, रोपं जगतात. जागा वाडीला लागून असेल तर मीही कदाचित कुंपणच सुचवेन.

मला खटकतं ते एकच. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी आटलं की भेकर जाळीच्या कडेकडेने चालत राहतं, खाली व्हाळाच्या कोंडीत, म्हणजे डोहात, पाणी असतं पण जाळी आड येते, मग वळसा घालून थेट डांबरी रस्त्यावर, आणि तिथे गाड्या नि कुत्रे. जाळीलगत खुरांनी चक्क पायवाट पडलीय, ती बघून जीव तुटतो. त्यात पाणी हल्ली लवकर आटतं, निदान आमच्याकडे तरी.

उन्हाळे असेच तापत गेले तर जनावरांना वर, गारव्याकडे सरकावं लागणार. पायथ्यापासून आंबोलीच्या माथ्यापर्यंत सहा-सातशे मीटरची चढण आहे, पण झाडी सलग असेल तरच ती कामाची. शेकरू तर जमिनीवर क्वचितच उतरतं, फांदीला फांदी भिडत नसेल तर त्याची वाट तिथेच संपली.

तिळारीचं जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, चांगलंच झालं, पण ते साधारण २९.५ चौरस किमी. वाघाला तेवढं कुठलं पुरायला, त्याला कोल्हापुरातल्या राधानगरी अभयारण्यापर्यंत जाता आलं पाहिजे आणि मधे आपल्यासारख्यांच्याच खाजगी जमिनी आहेत. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला तो शेतं नि नाले धरूनच ना!

मोकळ्या पट्ट्याचाही त्रास आहेच, गवे केळीत घुसतात. पण खरी अडचण शेजाऱ्याची, त्याने व्हाळापर्यंत साफसफाई केली की आपला पट्टा तिथेच तुटला. म्हणून जाळीचे पैसे वाचवून आधी त्याच्याशी बोला, दोन्ही बाजूंनी काठाची झाडी ठेवायचं ठरवा, आणि हे दसऱ्याच्या आत, कारण जमीन वाळली की जेसीबी येतात.