काशाच्या भावात पितळ: राइड झांजेच्या नावाखाली माझे १४,१४० रुपये गेले

सेकंड हँड झांज ऑनलाइन घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. आपल्या भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या वाजवणाऱ्यांनी तर नक्कीच. इकडे दुकानात जाऊन चार राइड, म्हणजे ड्रम सेटच्या मोठ्या झांजा, वाजवून बघायची सोय नाही, आणि फसवणारे गिऱ्हाईक हेरतात ते यावरूनच.

आधी हिशोब. टोकन म्हणून २,०००. मग "पॅक करतो, बाकीचे टाका" म्हणून ११,५००. पार्सल पुण्याहून निघायच्या आधी पुन्हा ६४०. एकूण १४,१४० रुपये, सगळे यूपीआयने. आणि हाती आली पितळेची चकती, वर झिल्जियन या नामी झांज कंपनीचा छापा.

दिवाळी झाली की मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचा, सीझन लागतो. गावोगावी रात्रभर नाटक, लावणी, ऑर्केस्ट्रा. मी आतापर्यंत साथ ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) करायचो, यंदा ड्रम सेट उभा केला. बाकी सगळं जमलं, राइड अडली. क्रॅश, म्हणजे अधूनमधून ठोकायची झांज, थोडी उन्नीस-बीस असली तरी निभतं, एक ठोका मारला की काम संपलं. राइडवर अख्खं गाणं चालतं. उघड्या मंडपात ऑर्गन आणि भोंग्यांच्या गदारोळातून काठीचा प्रत्येक टोला सुटा ऐकू यायला हवा. पातळ राइड असली की टोले एकमेकांत मिसळतात आणि नुसता सळसळाट उरतो. म्हणून मला २० इंची, मिडियम वजनाची, बेल (मधला फुगीर भाग) ठणठणीत असलेली हवी होती.

जाहिरातीत तसंच लिहिलं होतं. "बँड बंद केला, भाऊ. तुर्कीची हाताने ठोकलेली आहे, मनाविरुद्ध विकतोय." माणूस गोड बोलायचा. मी व्हिडिओ मागितला, त्याने लगेच पाठवला. आवाज अस्सल होता, आजही ऐकला तर तेच म्हणेन. फक्त वाजवताना झांज फिरत होती आणि छापा एकदाही सरळ कॅमेऱ्यासमोर आला नाही.

आता ती जागा सांगतो, जिच्यामुळे रात्री झोप लागत नाही. मी वजन विचारलं. स्पष्ट विचारलं, किती ग्रॅम? तो म्हणाला, "घरी काटा नाही. आणि झांज काय वजनावर घेतात का भाऊ, आवाजावर घेतात." अरे, पुण्यासारख्या शहरात कोपऱ्यावरच्या किराण्यात काटा नाही? २० इंची मिडियम राइड दोन किलोच्या वर भरते, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं होतं! पण व्हिडिओतला आवाज कानात होता, पहिल्या नाटकाची तारीख डोक्यावर होती, आणि शेतात धान कापणीला आलेलं. पुण्याला जाऊन-येऊन बघायचं म्हटलं तर तीन दिवस मोडतात आणि हजारो रुपये भाड्यात जातात. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी आमच्या गावातून एसटी धरून एकदा जाऊन दाखवावं.

वजनाचा फोटो देत नाही, तो विकणारा चोर. सरळ फोन ठेवा.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आलं. पुठ्ठा फाडला आणि उचलतानाच हाताला कळलं. किराण्यात काट्यावर ठेवली: १ किलो ४३० ग्रॅम. दोन्ही हातांनी कड दाबली तर वाकत होती. बेलवर मारलं तर खालून गजर आल्यासारखा घुमणारा आवाज, ठणका नाही. गावात भांड्यांचं काम केलेले एक काका आहेत. त्यांनी चकती अंगठ्यावर तोलली, बोटाच्या पेराने वाजवली आणि म्हणाले, "बाबू, हे पितळ आहे. कासं असं बोलत नाही." पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात राहून मी पुण्याहून १४,१४० रुपयांचं पितळ मागवलं!

चांगली झांज काशाची असते: ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. मधल्या दर्जाच्या झांजांत कथील ८ टक्क्यांवर येतं, तेही चालतं, पण भाव त्याप्रमाणे हवा. पितळेत कथिलाऐवजी जस्त असतं. लोहचुंबक लावून बघा म्हणून सांगणाऱ्यांचं ऐकू नका, चुंबक कासं आणि पितळ दोघांनाही चिकटत नाही. छाप्याची शाई पुसून बघायचीही गरज नाही, खऱ्या झांजेची शाईसुद्धा निघते. आणि "तुर्कीची झिल्जियन" कोणी म्हटलं तर सावध व्हा. घराण्याची सुरुवात १६२३ सालच्या इस्तंबूलची खरी, पण आजचा कारखाना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये आहे.

फोन केला तर नंबर बंद. पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणतात, "माल मिळाला ना? मग फसवणूक कुठे झाली?" काशाचे पैसे घेऊन पितळ देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? मग म्हणाले, माणूस पुण्याचा, पुण्यात तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात लिहिलं आहे की गुन्हा कुठेही घडो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची. हे मी बोललो तर उत्तर मिळालं, "तुम्ही वकील आहात का?" बाजूचा शिपाई हसला. झांज घेऊन गेलो होतो, ती टेबलावरून उचलून बघण्याचीही तसदी कोणी घेतली नाही.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार?" ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव तरी सांगा म्हटलं, तर ते गोपनीय. चोराची माहिती गोपनीय आणि माझे पैसे गेले ते गेलेच! जाहिरातवाल्या अ‍ॅपवर तक्रार केली, उत्तर आलं की जाहिरात नियमांत बसते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. तो कोण देणार?

पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ठाण्यात नंतर जा. पैसे पुढे वळते होण्याआधी खातं गोठलं तरच काही हाती लागतं. माझं पार्सल यायच्या आधीच रक्कम पुढे गेली होती. चॅट, व्हिडिओ, यूपीआयची पावती काही डिलीट करू नका. पार्सल उघडताना शूटिंग करा. शक्य असेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या पोराला पाठवून काट्यावर ठेवून घ्या आणि पैसे तिथेच द्या. टोकन तर कोणालाच देऊ नका.

त्या जाहिरातीतला तोच फोटो काल पुन्हा दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, गाव नाशिक, किंमत १३,०००. स्टँडच्या मागे निळी ताडपत्री आहे आणि झांजेच्या कडेपाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आहे. ओळखा आणि पैसे पाठवू नका.