यामाहा सीजी१८२एसएफ: फ्लेमेंको गिटार, कोकणच्या हवेत

स्पेनच्या फ्लेमेंको संगीतासाठीची ही गिटार. वरची पाटी अख्ख्या स्प्रूस लाकडाची, पाठ आणि कडा सायप्रसच्या, स्केल (तारेची कंपणारी लांबी) ६५० मिलिमीटर. (सायप्रस म्हणजे गुहागरच्या बनातलं सुरू नव्हे, ते झाड वेगळं.) स्वर चटकन उठतो आणि चटकन विझतो. क्लासिकल गिटारची लांब आस आवडणाऱ्यांना हा आवाज कोरडा वाटेल. रास्गेआदोला, म्हणजे बोटं झटकून तारा छेडण्याला, मात्र हाच लागतो, नाहीतर करंगळीपासून तर्जनीपर्यंत एकेक सुटणारे फटके एकमेकांत कालवले जातात. तारांखालची पारदर्शक पट्टी गोल्पेसाठी आहे. अनामिकेचा हा ठोका साध्या क्लासिकलवर रोज मारलात तर मऊ स्प्रूसवर नखाचे खड्डे पडतात.

वाद्य चांगलं म्हणून ताल आपोआप येत नाही. सोलेआ या फ्लेमेंकोतल्या प्रकाराच्या मात्रा १२, त्यामुळे एकतालाच्या कानाला ओळखीचं वाटतं आणि तिथेच गाडं अडतं. वजन ३, ६, ८, १० आणि १२ वर. सम समजून पहिल्या मात्रेवर जोर दिलात की सगळं विसकटतं, कारण वाक्य मिटतं १० वर. आधी नुसत्या टाळ्या, मग गिटार. स्वर तेवढे जवळचे: कोमल रे, ग, ध, नी म्हणजे भैरवीच, फक्त मुक्कामाच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध.

खरी परीक्षा पावसाळ्यात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत रत्नागिरीत ती ८५ च्या वर. पाटी फुगते, तारा वर जातात. बाराव्या फ्रेटवर सहावी तार ३ मिलिमीटरच्या आसपास उंच हवी. ऑगस्टमध्ये वैतागून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासू नका. जानेवारीत पाटी बसली की तीच तार फ्रेटवर आपटेल. थोडी खरखर फ्लेमेंकोत हवीच, स्वर मरता कामा नये. हार्ड केस, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, हा खर्च गिटारच्या किमतीतच धरा. पुड्यांनी रंग बदलला की त्या वाळवून घ्या. खाऱ्या हवेत खर्जाच्या तारा लवकर काळवंडतात, वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा. स्टीलच्या तारा कधीच लावू नका, तारा बांधलेला ब्रिज उखडेल.

पार्सल आलं की ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. आत गेला तर डिंक सुटलाय. त्याच दिवशी परत पाठवा.