लाकूडकामाच्या हत्यारांचा ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ संच: 13,679 रुपये गेले, आणि कागदावर माल ‘पोचला’

आधी आकडा सांगते. बुकिंगचे 1,999 रुपये, उरलेले 10,500 रुपये आणि ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे 1,180 रुपये, जे माल हातात पडताच परत मिळणार होते. एकूण 13,679. पैसे घेऊन ते गायब झाले असते तर निदान चोरी म्हणून तक्रार तरी झाली असती. त्यांनी पार्सल पाठवलं. सगळी मेख त्या पार्सलमध्ये आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मला घरच्या घरी लाकूडकाम शिकायचं होतं. एखादं स्टूल, भिंतीवरचं फळ्यांचं शेल्फ, इतकंच. पण सुरुवात करणाऱ्याला काय काय घ्यावं हे धड कुणी सांगत नाही. एक म्हणतो आधी चांगला रंधा घ्या, दुसरा म्हणतो मशीनशिवाय या फंदात पडू नका. अशा वेळी सगळं एकाच पेटीत मिळतंय म्हटल्यावर हायसं वाटतं. हे लोक नेमकं अशाच माणसाला हेरतात. चार व्हिडिओ पाहिले की जाहिराती मागे लागतातच.

जाहिरातीत म्हटलं होतं की परदेशातली ऑर्डर रद्द झाली, वर्कशॉप बंद होतंय, एक्स्पोर्टचा माल काढून टाकायचाय. किंमत 12,499. संचात 6, 12, 18 आणि 25 मिलिमीटरच्या पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), 14 इंची रंधा, करवत, काटकोन तपासायचा गुण्या, दोन क्लॅम्प आणि वर 128 व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल. व्हिडिओत रंध्याखालून अख्ख्या फळीच्या लांबीची पातळ ढलपी सलग निघत होती, उजेड आरपार दिसेल इतकी पातळ. तो व्हिडिओ परदेशातल्या कुणा कारागिराचा होता, चोरून लावलेला. हे नंतर व्हिडिओतलं चित्र काढून इमेज सर्चमध्ये टाकल्यावर कळलं. असा शोध तुम्ही पैसे देण्याआधी घ्या. मिनिटभराचं काम आहे.

आता जी गोष्ट डोक्यातून जात नाही ती. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी पैसे कुणाच्या नावावर जाणार ते स्क्रीनवर दिसतं. जाहिरातीत दुकानाचं नाव ‘अमुक टूल्स’ होतं. स्क्रीनवर एका माणसाचं नाव, आणि ते दुकानाच्या नावाशी कुठूनही जुळत नव्हतं. मी ते वाचलं, थांबले आणि फोन करून विचारलंसुद्धा. विकणारा शांतपणे म्हणाला, “मॅडम, मालकांच्या मुलाचं खातं आहे. आमच्या करंट अकाउंटची आजची लिमिट संपलीय.” पटलं. का पटू नये? मी स्वतः हिशेबाचं काम करते. छोटे दुकानदार बायकोच्या, मुलाच्या खात्यात पैसे घेतात हे मला नवं नाही. जी माहिती मला वाचवायला हवी होती तिनंच मला गाफील केलं.

त्याहून जास्त जळफळाट होतो तो बिलाचा. बुकिंग झाल्यावर बिलाची पीडीएफ आली. पत्ता सुरतचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने. 07 म्हणजे दिल्ली. गुजरातचा 24, महाराष्ट्राचा 27. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण बिल मोबाइलवर आलं, अक्षरं मुंगीएवढी, आणि त्याच वेळी त्याचा फोन सुरू: “एकच संच उरलाय, दुसरं गिऱ्हाईक लाइनवर आहे, दहा मिनिटं होल्ड करतो.” मी 10,500 पाठवले. त्यानंतर इन्शुरन्सचे 1,180. ही घाई ठरवून लावलेली असते, बिलाकडे कुणी दुसऱ्यांदा बघू नये म्हणून. तुम्ही बघा. जीएसटीच्या पोर्टलवर 15 अक्षरी क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, त्यासाठी लॉगिनही लागत नाही.

मग ट्रॅकिंग नंबर आला, तोही खरा. पार्सल इथून निघालं, तिथे पोचलं, असं रोज दिसत राहिलं आणि आठवडाभर मी निर्धास्त. सायबर फसवणुकीत पैसे गोठवता येतात ते पहिल्या काही तासांत, एका खात्यातून पुढे सरकायच्या आत. ते तास मी ट्रॅकिंग बघत घालवावेत म्हणूनच पार्सल पाठवलं होतं.

उघडलं तर पेटी नव्हती, जाड प्लॅस्टिकची पिशवी होती. चारही पटाश्या होत्या, चकचकीत. 12 मिलिमीटरची निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, चार वेळा ओढली तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटला. कडेला अंगठ्याएवढ्या जागेत आतलं करडं, मऊ लोखंड दिसायला लागलं. पाइनच्या तुकड्यावर एक ठोका मारला आणि धार वळून आत गेली. चांगल्या पटाशीच्या पोलादावर कानस घसरते, चावत नाही. ह्या पटाशीचा कानशीनं सरळ भुगा पडला. रंध्याचा तळ काचेवर ठेवला तर डुगडुगत होता. गुण्या तपासला: फळीच्या सरळ कडेला टेकवून एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या काटकोनात. माझ्या दोन रेघांची टोकं 3 मिलिमीटर फाकली. अशा गुण्यावर नवशिक्यानं स्टूल केलं तर ते हलणारच, आणि तो समजणार की आपल्या हातातच कसब नाही. ह्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

ड्रिलबद्दल नीट वाचा, कारण हा खोटेपणा ह्या एका जाहिरातीपुरता नाही. 18 व्होल्टच्या बॅटरीत 3.6 व्होल्टचे पाच लिथियम सेल एका ओळीत जोडलेले असतात. ‘20 व्होल्ट मॅक्स’ म्हणजे तीच बॅटरी, फक्त पूर्ण चार्ज असतानाचा आकडा छापलेला. 128 व्होल्टला तसे 36 सेल लागतील. ते मुठीत मावणाऱ्या बॅटरीत बसणार कुठे? 48, 88, 128 असे आकडे हातातल्या छोट्या ड्रिलवर दिसले, शेजारी ‘व्हीएफ’ असं काही लिहिलेलं असलं, की ते व्होल्ट नाहीत, नुसतं स्टिकर आहे. ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं माझी बॅटरी उघडली तेव्हा आत तीन सेल निघाले. तुम्ही स्वतः उघडू नका, लिथियम पेट घेतं.

यानंतर सुरू झाला खरा मनस्ताप. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीनं झाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हे ग्राहक कोर्टाचं.” मी पटाशी टेबलावर ठेवली, सोललेला मुलामा दाखवला. तिकडे बघायचंही कुणी कष्ट घेतले नाहीत. वर, “ताई, तुम्हाला कशाला हवीत सुताराची हत्यारं?” ह्या प्रश्नाचा माझ्या 13,679 रुपयांशी काय संबंध? मला काय शिकायचं ते मी ठरवीन. अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब आल्यावर देतो म्हणाले. साहेब कधी जागेवर नसायचेच. जाहिरात ज्या ॲपवर होती त्यांचं उत्तर, आम्ही फक्त जागा देतो, विक्री करत नाही. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही बंद पिशवी पोचवतो. प्रत्येकाच्या लेखी पार्सल ‘डिलिव्हर्ड’ आहे आणि तिथे सगळ्यांचं काम संपतं. चोरांनी किलोभर भंगार पाठवून गुन्ह्याचा ‘मालाबद्दलचा वाद’ करून टाकला, आणि ज्यांनी हा डाव ओळखायचा ते त्यांचंच वाक्य मला ऐकवत होते.

मध्येच त्या माणसाचा मेसेज: “रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” तेवढं मात्र केलं नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगा.

संच घेऊच नका, मग तो खऱ्या दुकानातला असला तरी. मोजपट्टी, तपासून घेतलेला गुण्या, एक करवत, 12 आणि 25 च्या दोन पटाश्या, निसणा, दोन क्लॅम्प. रंधा त्यानंतर. एकेक घ्या, हातात धरून घ्या. जुन्या बाजारातला गंजलेला पण जड रंधा अशा चकचकीत पत्र्यापेक्षा कितीतरी बरा. गंज घासून निघतो, मऊ पातं कडक होत नाही. आणि ऑनलाइन घ्यायचंच असेल तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पिशवीवरच्या लेबलापासून.

फसलात तर माल येण्याची वाट बघू नका. संशय आला त्या क्षणी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. अडचण एकच, समोरच्याचा पत्ता लागतो, आणि बिलावरचा पत्ता खोटा. पार्सलच्या लेबलवर मात्र ते जिथून उचललं तिथला पिनकोड आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक असतो. माझं लेबल निम्मं फाटलं होतं, तरी तेवढ्यावर कुरिअरकडून लेखी माहिती मागवली आहे. तुमच्याकडे असलं पार्सल आलं असेल तर पिशवी कचऱ्यात टाकू नका.