कॅमेऱ्यासमोरची परीक्षा की घरची मोकळी? आठ महिन्यांनंतर

इंदूरला राजेंद्रनगरात बी.कॉम.च्या बावीस मुलांचा अकाउंट्सचा क्लास घेते. जुलैपासून चाचण्या ऑनलाइन.

सुरुवातीला कॅमेऱ्याने पाळत ठेवणारं विकतचं सॉफ्टवेअर घेतलं, नाव नको. पेपर झाला की ते ‘संशयास्पद’ क्षणांची यादी पाठवायचं आणि मी रात्री ते व्हिडिओ बघत बसायची. रामबागेतल्या एका मुलीला तासाभरात अकरा लाल खुणा. बघते तर मागून आजी जातेय, हातात निरांजन. दोन खोल्यांचं घर, देवघर नेमकं मुलीच्या पाठीशी! आकडेमोड करताना पुटपुटणारा एक जण, तोही लाल. खरी कॉपी तीन महिन्यांत एकही सापडली नाही. मांडीवरचा फोन त्या कॅमेऱ्याला कुठून दिसणार?

मग सेफ एक्झाम ब्राउझर पाहिला. ईटीएच झुरिच या स्विस विद्यापीठाचा, फुकट. तो कोणावर नजर ठेवत नाही, पेपर संपेपर्यंत दुसरं काही उघडू देत नाही, एवढंच. पण तो विंडोज, मॅक आणि आयपॅडसाठी. माझ्या निम्म्या मुलांकडे नुसते ॲण्ड्रॉइड फोन. विषय संपला.

शेवटी पाळतच काढली. पहिल्याच चाचणीत सात जणांचा घसारा, म्हणजे वापराने यंत्राची घटणारी किंमत, 6,100! यंत्र 1 ऑक्टोबरला 1,20,000 ला घेतलं, दर 10 टक्के, मार्चअखेर सहा महिन्यांचे होतात 6,000. वरचे शंभर कुठल्याच रीतीने येत नाहीत, ते फक्त शेजाऱ्याकडून येतात. रागवायचं ठरवलं होतं, पण हसूच फुटलं.

त्यानंतर मूडल या ऑनलाइन वर्ग-चाचण्यांच्या सॉफ्टवेअरमधला ‘कॅल्क्युलेटेड’ प्रश्न शिकले. सूत्र एकदा द्यायचं, आकडे ज्याचे त्याला वेगळे. एक प्रश्न बसवायला पहिल्यांदा तास गेला, आणि कारणं लिहा छापाच्या प्रश्नांना याचा उपयोग नाही. पण परवा एकाची आई म्हणाली, “मॅडम, हे आता फोनवर ‘आन्सर क्या आया’ नाही विचारत, ‘महिने कुठून मोजले’ विचारतात.” अशी कॉपी मला चालते.

मार्क धरायचे असतील तर मात्र समोर बसवूनच. एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, त्यांचं गणित मला पटतं: घरच्या असाइनमेंटला 25 टक्के, केंद्रावरच्या परीक्षेला 75. जानेवारीत ओसरीवर अकरा-अकराच्या दोन बॅच बसवल्या, फोन सगळे लाडवांच्या स्टीलच्या डब्यात. घरी वीसपैकी अठराच्या खाली न येणाऱ्या एकाला नऊ पडले. त्याच्याशी अजून बोलायचंय. दोन रविवार झाले, तो क्लासला येऊन मागच्या दाराजवळ बसतो आणि सुटला की पहिला पळतो.