रानडुकरासाठी 'डोगो-कारवान क्रॉस' पिल्लू घेणाऱ्यांनी पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

रानडुकराच्या त्रासानं वैतागून कुणी 'शिकारी क्रॉस' पिल्लू, म्हणजे अर्जेंटिनाची शिकारी जात डोगो आणि आपली कारवानी यांचं मिश्र पिल्लू, घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे पूर्ण वाचा. लांबलंय, पण वाचा. आमचे ४२ हजार गेले, एक पिल्लू तडफडून मेलं आणि विकणारा आजही तोच व्हिडिओ दाखवून दुसऱ्यांना पिल्लं विकायलाय.

आमचं शेत अहमदपूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराच्या कडेला. सोयाबीन, हरभरा, विहिरीवर थोडा ऊस. डुकरं दिवसा उसात बसतात आणि रात्री हरभऱ्यात उतरतात, खातात कमी आणि उकरून तुडवून नासधूस जास्त करतात. ज्यांचं शेत डोंगराला लागून आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. आमच्या चुलत्यांनी, आबांनी, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कायम कारवानी कुत्री पाळली. आपल्या लातूर, उदगीर भागात कारवानी आणि पश्मी पिढ्यानपिढ्या आहेत, तर आबांची जुनी कुत्री म्हातारी होऊन गेली आणि नवीन जोडी घ्यायची असं घरात ठरलं.

मावसभाऊ नांदेडला असतो, त्यानं एक व्हिडिओ पाठवला. पांढरंशुभ्र दणकट कुत्रं, अंगात जाड जाकीट, गळ्यात रुंद पट्टा, मोठ्या सुळेवाल्या डुकराला कानाला धरून जाग्यावर दाबलंय आणि मागं हिंदीत आवाज की हा आमच्या फार्मचा नर. फोन लावला तर माणूस मराठीच, दुसऱ्या जिल्ह्यातला, बोलायला लई गोड. "दादा, पळायला कारवान आन् धरायला डोगो. शंभर किलोचं डुक्कर जाग्याव बसवतंय. बाप डायरेक्ट अर्जेंटिनाचा हाय, आई आपल्या लातूरची." आम्ही त्याला पहिल्याच फोनला सांगितलं होतं की आम्हाला शिकार करायची नाही, राखणीला पाहिजे, रात्री उठून भुंकणारं, आखाडा न सोडणारं. तो हो हो म्हणायचा आणि फिरून फिरून शिकारीवरच यायचा, किती डुकरं लोळवली, कोणत्या गावात लोळवली, व्हॉइस मेसेजवर मेसेज. हे तो मुद्दाम करत होता, का ते पुढं सांगतो.

वरून घाई. सरकारनं डोगोवर बंदी आणलीय, हा शेवटचा वेत आहे, नंतर कोणत्याच भावात मिळणार नाही. यातलं खरं काय ते बघा. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र काढलं होतं, त्यात पिटबुल, डोगो अर्जेंटिनो, रॉटवायलर अशा २३ जाती आणि त्यांचे क्रॉस यांची विक्री आणि ब्रीडिंग थांबवा असं म्हटलं होतं. ते पत्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टानं रद्द केलं. म्हणजे हा माणूस रद्द झालेल्या पत्राच्या भीतीवर भाव वाढवत होता.

अर्धे पैसे बुकिंगला फोनपेवर, अर्धे पिल्लं निघायच्या आधी, गाडीभाडं वेगळं. पिल्लं ट्रॅव्हल्सच्या डिकीत प्लास्टिकच्या बास्केटमध्ये आली, एक पांढरा नर आणि एक पट्टेवाली मादी. दोघांचे कान कापलेले, जखमा ओल्या. सोबत लसीचं कार्ड आणि केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) सर्टिफिकेटची कलर झेरॉक्स.

दुसऱ्याच दिवशी मादीनं उलट्या चालू केल्या, मग रक्ताची हगवण. लातूरला डॉक्टरांकडं नेलं, पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा संसर्ग, निघाला. सलाईन, इंजेक्शन सगळं झालं, नाही वाचली. आमच्या घरातली लहान लेकरं तिच्याजवळून उठत नव्हती, त्यांना काय सांगायचं ते आम्हालाही कळंना. डॉक्टर म्हणाले पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, म्हणजे हे पिल्लू तिथूनच आजार घेऊन आलंय. विकणाऱ्याला सांगितलं तर म्हणे तुमच्याकडचं पाणी बाधलं.

डॉक्टरांनी मग दोघांची नीट तपासणी केली आणि एकेक खोटं उघडं पडत गेलं. दोन महिन्यांची म्हणून दिलेली पिल्लं, दोन महिन्याला दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात, यांचे अर्धे पण नव्हते, पाच आठवड्यांच्या आतली होती. मग कार्डावर तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन लसी कशा? पहिला डोस ६ ते ८ आठवड्याला देतात, त्यानं लिहिलेल्या तारखेला तर पिल्लांचे डोळे जेमतेम उघडले असतील. सर्टिफिकेटवर कातडीखाली बसवायच्या ओळख चिपचा १५ आकडी नंबर होता, डॉक्टरांनी मानेवरून, खांद्यावरून स्कॅनर फिरवला, दोघांत पण काहीच नाही.

पांढऱ्या नराचं तर अजून वाईट. त्याच्या मागून ताटली वाजवली, हाक मारली, मान पण वळवत नाही. पूर्ण बहिरा आहे. ज्या कुत्र्यांच्या कातडीत रंगपेशी कमी असतात त्यांच्या आतल्या कानात पण त्या कमी पडतात आणि पिल्लं जन्मापासून बहिरी निघू शकतात, डोगोमध्ये, डाल्मेशियनमध्ये हा दोष माहितीतला आहे आणि म्हणून चांगले ब्रीडर पिल्लांचे कान तपासल्याशिवाय देत नाहीत. पण पांढरा रंग आहे म्हणजे डोगोच असंही नाही. आपल्या गावातल्या कुत्रीला पण पांढरी पिल्लं होतात. या पिल्लात डोगोचं काय आहे ते त्यानं आम्हाला आजपर्यंत दाखवलेलं नाही, ना बापाचा फोटो अंगणात उभा करून, ना कागद.

कागदाचं तर ऐकाच, कारण सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. सर्टिफिकेटवर जात लिहिलेली 'कॅरव्हॅन हाउंड'. कारवानीला केनेल क्लब त्याच नावानं नोंदवतो. पण केनेल क्लब वंशावळ देतो ती शुद्ध जातीची, दोन जातींच्या क्रॉसची नाही. म्हणजे विकलंय क्रॉस म्हणून आणि कागद दिलाय शुद्ध कारवानीचा, दोन्हीतलं एक तरी खोटं आहेच, आमच्या बाबतीत दोन्ही होती. कुणी क्रॉस पिल्लासोबत पेडिग्री पेपर देतो म्हणाला की तिथंच फोन ठेवून द्या. आणि बाप खरंच परदेशातून आणला असेल तर त्याच्या नावावर विमानतळावरच्या पशू क्वारंटाइन ऑफिसची एनओसी असते, ती मागा.

व्हिडिओ पण त्याचा नाहीच. भाच्यानं मोबाईलवर मोठा करून थांबवून बघितला तर मागं उभ्या पिकअपचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. भारतात अशा गाड्या कुठून आल्या? कुठल्यातरी दुसऱ्या देशातला व्हिडिओ उचलायचा आणि वरून हिंदी आवाज चिकटवायचा.

आता 'पळायला कारवान आन् धरायला डोगो' या वाक्याबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण पिल्लं विकली जातात ती याच वाक्यावर. कारवानी हे नजरेवर धावणारं कुत्रं. मोकळ्या माळावर ससा, हरीण दिसलं की वाऱ्यासारखं सुटतं. लांब पाय, खोल छाती, अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. हीच पातळ कातडी डुकराच्या सुळ्यापुढं त्याचा घात करते, पोट नाहीतर मांडी एका हिसक्यात उघडी पडते, आणि डुक्कर उसात घुसलं, नजरेआड झालं की कारवानीचं अर्धं बळ तिथंच संपलं. आबा तर म्हणायचे, "कारवान्याला डुकराव सोडनारा मानूस कुत्र्याचा मालकच न्हवं."

डोगो ही जात अर्जेंटिनात कॉर्दोबा भागात १९२० च्या दशकात अंतोनियो नोरेस मार्टिनेझ या डॉक्टरानं डुक्कर आणि पुमाच्या शिकारीसाठी घडवायला घेतली. तिथल्या लढाऊ कुत्र्यात ग्रेट डेन, पॉइंटर, बॉक्सर, बुल टेरियर, आयरिश वुल्फहाउंड अशा कितीतरी जाती मिसळून, प्रत्येक पिढीत काम बघून निवड करत करत ती तयार झाली. ते काम दोन कुत्र्यांच्या एका जोडणीत होत नाही. पहिल्या क्रॉसची पिल्लं कधी आईवर जातात, कधी बापावर, आणि क्रॉसला क्रॉस लावला की एका वेतात सहा तऱ्हेची सहा पिल्लं. एखाद्याला डोगोचं वजन येतं आणि कारवानीची पातळ कातडी येते, मग ते ना पळू शकतं ना झेलू शकतं. जिथं कायद्यानं परवानगी आहे तिथले शिकारी पण एकाच कुत्र्याकडून सगळं करून घेत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिण भागात डुक्कर शोधून, घेरून भुंकत ठेवणारी कुत्री वेगळी असतात, कटाहूला, ब्लॅक माउथ कर वगैरे, आणि धरणारी वेगळी, पिटबुल नाहीतर अमेरिकन बुलडॉग. धरणारं कुत्रं शेवटपर्यंत साखळीला ठेवतात, अंगात सुळे लागू नयेत म्हणून जाड जाकीट घालतात आणि सोडलं की माणसं मागोमाग पोचतात. तरी तिथं कुत्री मरतात. ऑस्ट्रेलियात बुल अरब म्हणून क्रॉस आहे, बुल टेरियर, ग्रेहाउंड, पॉइंटर वगैरे मिळून, पण तिथं लोक आईबापाचं रानातलं काम बघून पिल्लू घेतात, कानाचा आकार आणि पंज्याची जाडी बघून नाही. आपल्याकडं 'डबल बोन', 'हेवी पंजा' असले शब्द टाकले की पिल्लू पंचवीस हजाराला जातं.

आता ती मुद्दामची गोष्ट. पैसे परत मागितल्यावर पहिल्यांदा तो टाळत राहिला, नंतर त्याचा सूरच बदलला. "तुमी शिकारीसाटी कुत्रं मागितलं, माझ्याकडं रेकॉर्डिंग हाय. पोलिसात गेलाव तर फॉरेस्टवाले आदी तुमालाच उचलतेल." आमचे आबा दोन रात्री झोपले नाहीत, सत्तरीच्या माणसाला कोर्टकचेरीची भीती असतेच. याच्यासाठीच तो प्रत्येक बोलण्यात शिकार आणत होता. गिऱ्हाईक घाबरून गप्प बसावं, तक्रार करू नये, हाच त्याच्या धंद्याचा पाया आहे, आणि लोक खरंच गप्प बसतात.

म्हणून कायदा काय आहे तो नीट समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानडुकराची शिकार वन विभागाच्या परवानगीशिवाय गुन्हा आहे, आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, कुत्री मागं लावणं, फास लावणं, हाका घालून पळवणं, तसा प्रयत्न करणं पण त्यात येतं. त्यामुळं कुत्री डुकरावर सोडायच्या फंदात खरंच पडू नका, कुत्रं पण जातं आणि केस पण होते. पण कुत्रं विकत घेणं, शेतात राखणीला पाळणं हा गुन्हा नाही. आणि खोटे कागद, खोटं वय सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. तुम्ही तक्रार केली म्हणून तुम्ही शिकारी ठरत नाही. आमच्या चॅटमध्ये सुरुवातीलाच 'राखणीसाठी पाहिजे' असं लिहिलेलं होतं, वकील म्हणाले हे लई कामाला येतं. तुम्ही पण फोनवर बोललात तरी नंतर मेसेज करून लिहून ठेवा.

श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत. ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, चिप बसवलेली पाहिजे. नोंदणी नंबर मागा, नाही दिला तर विषय संपला. पिल्लू तिथं जाऊन घ्या, आईला पिल्लांसोबत बघा, आईच्या सडांकडं बघा दूध पाजती आहे का, जागेला वास कसला येतोय ते बघा. मागून टाळी वाजवा. आणि पैसे द्यायच्या आधी आपल्या डॉक्टरला दाखवा, विकणाऱ्याच्या डॉक्टरला नाही. आपल्या भागात आखाड्यांवर चांगली कारवानी, पश्मी अजून आहेत, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं तिथं जाऊन मालकांशी बोला, आईबाप डोळ्यानं दिसतात. व्हिडिओच्या मागं पळायची गरजच नाही.

डुकरासाठी आम्ही आता कुंपणाच्या तारेला सोलर झटका मशीन लावली. तारेत थेट लाईट सोडणं वेगळं, ते कधीच करू नका, त्यात माणसं मरतात आणि तो गुन्हा पण आहे. मशीनचा झटका क्षणाचा असतो. आवाजाला जागं व्हायला गावातलीच एक कुत्री आणली, ती रात्री छान भुंकते. बहिरा नर आमच्याकडंच आहे, त्याला हाताच्या खुणा शिकवायलोय, मोकळा सोडत नाही कारण गाडी आली तर त्याला कळत नाही.

पैसे ऑनलाईन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढं निघून जातात. आम्ही पोलिसात अर्ज दिलाय आणि जिल्हा ग्राहक आयोगात पण तक्रार घातली, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. डॉक्टरांचा रिपोर्ट, दाताचे फोटो, चिप नसल्याचं लेखी, व्हॉइस मेसेज सगळं जोडलंय. आमच्यानंतर चाकूर आणि कंधार तालुक्यातले दोघं जण पुढं आलेत, तोच डाव्या स्टेअरिंगचा व्हिडिओ, तोच 'शेवटचा वेत', आणि तिघांच्याही सर्टिफिकेटवर चिप नंबर एकच आहे. ज्यांच्याकडं असं सर्टिफिकेट असेल त्यांनी त्यावरचा १५ आकडी नंबर काढून बघा, चॅट डिलीट करू नका आणि आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या.