क्रेडिट रिपोर्ट दुरुस्तीची सेवा: फुकट आहे, पण पोच सांभाळा

‘सिबिल खराब आहे’ एवढं तोंडी ऐकून बँकेतून परतू नका. आपली कर्जं आणि त्यांची परतफेड यांची नोंद म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. असे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बँकेने कोणाचा पाहिला ते विचारा आणि तोच आधी काढा.

ऑनलाइन तक्रारही फुकट. खातं निवडायचं, चूक शिल्लक रकमेत आहे, थकबाकीत आहे की कर्जच आपलं नाही ते नोंदवायचं, तक्रार क्रमांक उतरवून घ्यायचा. इथवर सेवा चांगली. गोम पुढे आहे. कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, बँकेला विचारते. बँक ‘आमची नोंद बरोबर’ म्हणाली की तक्रार बंद. म्हणून कर्जमाफीत मिटलेलं पीककर्ज थकीत दिसत असेल, तर त्याच दिवशी शाखेतही लेखी अर्ज द्या. सोबत नील दाखला (कर्ज बाकी नसल्याचा बँकेचा दाखला) आणि माफीची रक्कम जमा झाल्याचा खातेउतारा जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणून रिपोर्ट आपोआप सुधारत नाही.

तडजोडीत कमी रक्कम भरली असेल तर ‘सेटल्ड’ हा शेरा खराच आहे, तक्रारीने जात नाही. पैसे घेऊन तो पुसून देतो म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.

निकालाची मुदत ३० दिवस, त्यातले २१ बँकेचे. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. ४७व्या दिवशी निकाल लागला तर १,७०० रुपये, तेही ज्याने उशीर केला त्याच्याकडून. पण मृगाच्या तोंडावर तक्रार केली तर महिनाभरात पेरणी निघून जाते. एप्रिल लागताच करा.

दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही फुकट. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. हा क्रम उलटा करू नका. आयोगात केस चालू असली की लोकपाल तक्रार घेत नाही. आयोगात तक्रार राहत्या जिल्ह्यातही, दोन वर्षांच्या आत दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. बँक आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकट्या कंपनीला ओढलं तर ‘बँकेने दिलं तेच दाखवलं’ हे उत्तर तयारच असतं. कर्ज नाकारल्याचं पत्र मात्र आधीच लेखी मागून ठेवा, नाहीतर नुकसान दाखवायला हातात कागदच राहत नाही.