रिकव्हरी पावडरचा डबा आणि ग्लायकोजेनचा हिशेब

मुंबई मॅरेथॉनचा सराव सुरू झाला की शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्हवरच्या धावपटूंमध्ये रिकव्हरी पावडरची चर्चा हटकून रंगते. दादरच्या एका दुकानातून घेतलेल्या अशाच एका डब्यावर ‘स्नायूंतील ग्लायकोजेन झटपट भरून काढते’ असे ठळक छापले आहे. ग्लायकोजेन म्हणजे कर्बोदकांतल्या ग्लुकोजची साखळी करून स्नायूंनी साठवलेले इंधन. मागे बारीक अक्षरांत मात्र एका मापामागे प्रथिने २४ ग्रॅम आणि कर्बोदके अवघी ४ ग्रॅम दिली आहेत. दावा इथेच लंगडा पडतो.

स्नायूत शिरलेला ग्लुकोजचा एक रेणू ग्लायकोजेनच्या साखळीला जोडायला दोन एटीपी (पेशीतले ऊर्जेचे चलन) लागतात: एक त्याला फॉस्फेट चिकटवताना, दुसरा त्याचे युडीपी-ग्लुकोज (साखळीला जोडण्याजोगे रूप) करताना खर्ची पडलेला यूटीपी, म्हणजे एटीपीचाच भाऊबंद, पुन्हा तयार करण्यासाठी. त्याच रेणूच्या पूर्ण ज्वलनातून ३० ते ३२ एटीपी मिळत असल्याने हा खर्च किरकोळच म्हणायचा. प्रथिनांची वाट बरीच महाग आहे. प्रथिनांतल्या अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंपासून यकृतात एक ग्लुकोज घडवायला सहा एटीपी किंवा त्याच तोलाचे जीटीपी लागतात, सुटलेल्या नायट्रोजनाचा युरिया करायला आणखी चार, आणि ते ग्लुकोज रक्तावाटे पोटरीच्या स्नायूत पोचले की वरचे दोन पुन्हा आहेतच; म्हणजे दोनाच्या जागी बारा. धावताना ग्लुकोज अर्धवट वापरले जाऊन साचलेले लॅक्टेट यकृतामार्गे परत आणले तरी हिशेब आठावर जातो.

यकृत हा खर्च बहुतांशी चरबी जाळून भागवते, त्यामुळे शरीर काही कंगाल होत नाही. खरी अडचण वेगाची आहे, कारण यकृतातून फिरून येणारी ही वाट संथ आहे, आणि ‘झटपट’ हा शब्द नेमका तिथेच खोटा ठरतो.

पावडर म्हणून माल वाईट नाही. थंड दुधात गुठळ्या न होता विरघळते, चव व्हॅनिलाची, फक्त कृत्रिम गोडवा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो आणि माप दरवेळी डब्याच्या तळाशी हात घालून शोधावे लागते. स्नायूंच्या दुरुस्तीसाठी ती जरूर घ्यावी. चार-सहा तासांत पुन्हा धावायचे असेल तर मात्र सुरुवातीच्या काही तासांत ताशी दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदके लागतात. साठ किलोच्या धावपटूला ६० ते ७२ ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच-तीन केळी किंवा भरपूर दहीभात. पुढचा सराव दुसऱ्या दिवशी असेल तर एवढी घाईही नको, कारण पोटभर भात-पोळीच्या जेवणावर हा साठा साधारण चोवीस तासांत भरून येतो.